फ्रीजर क्रमांक दोनची चौकशी

जूनमधल्या एका सोमवारी सकाळी मी आमच्या संस्थेच्या तळघरातली फ्रीजरची खोली उघडली आणि पहिलंच पाऊल पाण्यात पडलं. त्या खोलीत उणे ऐंशी अंशांवर चालणारे दोन फ्रीजर होते. एक नंबरचा नेहमीसारखा गुरगुरत होता, दोन नंबरचा गप्प होता. दार ओढलं तर आतून नेहमीची बोचरी थंडी आली नाही, बर्फाचं पाणी मात्र धो धो माझ्या पायांवर आलं. बॅटरीवर जागा असलेल्या पडद्यावर आकडा होता अधिक नऊ.

त्या फ्रीजरमध्ये माझी अकरा वर्षं होती. नेपाळच्या सीमेलगतच्या तराईतल्या गावांमधून, तापाने फणफणलेल्या मुलांच्या रक्तातून काढलेला सीरम. चार हजारांवर नळ्या. त्यातली काही मुलं आता हयातही नाहीत.

माझ्या ओरडण्याने माणसं जमली. प्रशासन अधिकारी विश्वजित सक्सेना आले, त्यांनी फ्रीजरखालच्या स्टॅबिलायझरचं बटण दाबलं आणि फ्रीजर लगेच सुरू झाला.

"देखिए," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "मशीन एकदम ठीक है. मतलब किसी ने बंद किया."

मलाही ते पटलं. चालू होणारं यंत्र बंद सापडलं, म्हणजे कोणाचा तरी हात लागला. कोणाचा, तेही मला लगेच सुचलं. शनिवारी-रविवारी संस्था बंद असते. दोन्ही दिवस जनरेटरवर जयसिंग एकटाच होता, कारण त्याचा जोडीदार लग्नाला गावी गेला होता. जयसिंग सीतापूरकडचा, कंत्राटी ऑपरेटर. एप्रिलमध्ये तळघरातून तांब्याची तार चोरीला गेली तेव्हा मी त्याला चारचौघांत फैलावर घेतलं होतं, आणि तो खाली मान घालून उभा होता. ती खाली घातलेली मान मला आता डूख धरल्यासारखी वाटू लागली. त्यात त्याची नोंदवही उघडली. दर चार तासांनी दोन्ही फ्रीजरचं तापमान लिहायचं, असा नियम. दोन नंबरपुढे शनिवार-रविवारच्या प्रत्येक रकान्यात त्याने व्यवस्थित लिहिलं होतं उणे एकोणऐंशी.

"हमने बंद नहीं किया, मैडम," एवढंच तो म्हणाला. दुपारपर्यंत त्याला गेटबाहेर काढलं होतं.

चौकशी रावसाहेब इंगळ्यांकडे आली. ते आमचे देखभाल विभागाचे प्रमुख, वय सत्तावन्न, मूळचे खामगावचे. लखनऊला येऊन त्यांना तीस वर्षं होत आली होती. मी साताऱ्याची, तरी आम्हा दोघांचं मराठी कामापुरतंच चालायचं. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना इथल्या रिवाजाने इंगळेजी. हळू बोलणारा, शर्टाच्या खिशात टेस्टर ठेवणारा माणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात.

त्यांनी खोलीत आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "बटण दाबायच्या आधी दिवा कुठला लागलेला होता? लाल की पिवळा?"

कोणीच पाहिलं नव्हतं.

"मग आता ते कळायचं नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा पडला, जणू नळ्यांपेक्षा तो दिवा मोठा होता. मला राग आला.

"इंगळेजी, जयसिंगने केलंय हे उघड आहे. खोट्या नोंदी डोळ्यांसमोर आहेत."

"नोंदी खोट्या आहेत, हो," ते म्हणाले. "पण नोंद खोटी लिहिल्याने फ्रीजर बंद पडत नाही, मॅडम. कोणी केलं ते मागून पाहू. काय काय झालं ते आधी पाहू."

हे बोलणं मला सारवासारवीचं वाटलं. जयसिंगला कामावर घ्यायची शिफारस त्यांचीच होती, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर एक मोठा ड्रॉइंग कागद पसरलेला असायचा. वर एकच चौकोन: 'दोन नंबरमधले नमुने वितळले.' त्याखाली फांद्या फुटत गेल्या होत्या, उलट्या टांगलेल्या झाडासारख्या. याला फॉल्ट ट्री म्हणतात, त्यांनी मला सांगितलं. हैदराबादला सहा दिवसांच्या प्रशिक्षणात शिकले होते. बिघाड वर मांडायचा आणि प्रत्येक पायरीला विचारायचं, हे होण्यासाठी काय काय व्हावं लागेल? त्यातली एक गोष्ट पुरेशी असेल तर फांदीवर 'किंवा' लिहायचं. सगळ्या एकाच वेळी घडाव्या लागत असतील तर 'आणि'.

"हे बघा," पेन्सिल टेकवून ते म्हणाले. "नमुने वितळायला दोन गोष्टी लागतात. फ्रीजर थंड करायचा थांबला, आणि कोणालाच ते कळलं नाही. नुसता थांबला असता तर आपण तासाभरात माल दुसरीकडे हलवला असता. म्हणून इथं 'आणि'. लोक फक्त डावी फांदी बघतात."

"यात जयसिंग कुठे आहे?"

"माणसाचं नाव यात लिहीत नाहीत."

मी कागदाकडे पाहिलं. चौकोनच चौकोन, आणि खरंच एकही नाव नाही. घरी जाताना मेट्रोत मला सारखं वाटत राहिलं, की नावं नकोत म्हणूनच हा माणूस झाडं काढतोय. संशयाचं असं असतं, की त्याला खायला काहीही चालतं. इंगळे मला पाहून कागद गुंडाळायला लागले, तो पुरावा. एकदा ते जनरेटरच्या मीटरमधल्या नोंदी एकटेच उतरवून घेत होते, तो दुसरा. एकदा मी खोलीत शिरताच त्यांनी फोन ठेवून दिला. विश्वजितजींनाही तसंच वाटत होतं. "आपके मराठी भाई कुछ ज़्यादा ही समय ले रहे हैं," ते एकदा म्हणाले, आणि मी हसून मान डोलावली.

मग तो शनिवार आला. माझी वहिनी, शुभदा, साताऱ्याहून आली होती. तिला चिकनच्या भरतकामाचे कुर्ते घ्यायचे होते म्हणून आम्ही चौक नावाच्या जुन्या बाजारात गेलो. दोन दुकानं पालथी घालून बाहेर पडलो आणि एका अरुंद गल्लीत मला रावसाहेब दिसले. वीज-उपकरणं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. समोर फरशीवर एक स्टॅबिलायझर पोट उघडून ठेवलेला. त्यावर आमच्या संस्थेचा पिवळा क्रमांक मला दुरूनही वाचता आला. आणि शेजारी, गुडघ्यावर टॉर्च धरून, जयसिंग.

ज्याच्यावर आरोप आणि जो चौकशी करतोय, ते दोघं मिळून पुरावा उसवत होते! मी एका हातगाडीआड उभी राहून फोटो काढला.

"अगं, विचार तरी त्यांना," शुभदा म्हणाली.

"विचारून काय, कोणीही काहीही सांगेल."

फोटो मी तिथूनच विश्वजितजींना पाठवला. सोमवारी रावसाहेबांना चौकशीतून बाजूला केल्याचा आदेश निघाला. संस्थेची वस्तू बाहेर नेल्याबद्दल खुलासा मागितला. ते जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोरून गेले, नेहमीसारखा नमस्कार केला, काही बोलले नाहीत. मला वाटलं, बोलायला तोंड आहे कुठे.

बुधवारी मी एका सहीसाठी भांडार विभागात गेले होते. तिथल्या रजिस्टरच्या उघड्या पानावर मला तो स्टॅबिलायझर दिसला. बाहेर न्यायचा पास, कारण 'चाचणी', सोबत 'जयसिंग, साक्षीदार म्हणून', आणि खाली आमच्या संचालकांची सही. तारीख शुक्रवारची. सगळं रीतसर होतं. परवानगी देणारे संचालक त्याच संध्याकाळी परदेशी परिषदेला गेले होते, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. मी विचारलं असतं तर रावसाहेबांनी पायरीवरूनच पास दाखवला असता.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. इंदिरा नगरमधल्या सरकारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या पत्नीने उघडलं, बेबीताईंनी. दिवाणखान्यात बुद्धाची पितळी मूर्ती, खाली कुंडीत मनीप्लांट, आणि कूलरसमोर पाय पसरून बसलेला त्यांचा मुलगा प्रफुल्ल.

"पप्पा नहा रहे हैं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग बघितलं. "आप वही हैं ना, फोटोवाली?"

"प्रफुल्ल, अंदर जा," बेबीताई म्हणाल्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. नंतर समोर बसून त्या बराच वेळ ओढणीचं टोक चाळवत राहिल्या.

"मॅडम, यायले हे नवं नाही," त्या म्हणाल्या. "आमचं लग्न झालं, त्याच साली हे इथं लागले. चार महिन्यांत प्रयोगशाळेतली प्लॅटिनमची एक वाटी हरवली. नवा माणूस, बाहेरगावचा, अन् आडनाव विचारल्यावर लोकायले कळायचंच आम्ही कोण ते. मंग काय. सहा महिने गेटवर रोज संध्याकाळी झडती. डबा उघडून दाखवायचा. मी त्या डब्यात भाजी कमी देऊ लागली, का तर लोकायनं बोटं घातली की हे जेवतच नव्हते."

"मग?"

"मंग भट्टी दुरुस्तीले काढली, तं विटायच्या मागं वाटी सापडली. रजिस्टरात लिहिलं, सापडली. झालं. कोनं एक शब्द नाही म्हटला यायले."

रावसाहेब बाहेर आले. ओले केस, बनियनवर घाईने चढवलेला शर्ट. मी उभी राहिले आणि फोटोबद्दल माफी मागितली. वाक्य पुरं झालं नाही. ते "बसा" म्हणाले, आणि कपाटावरून तो गुंडाळलेला कागद काढून त्यांनी जमिनीवर अंथरला. चारी कोपऱ्यांवर प्रफुल्लची पुस्तकं ठेवली.

"चौकशी माझ्याकडे नाही आता. पण झाड पुरं केलंय. बघायचं असेल तर बघा."

मी खाली बसले.

डावी फांदी अशी होती. शनिवारी सकाळी अकरा वीसला लाइट गेली, जनरेटर आपोआप सुरू झाला. बारा बावन्नला लाइट परत आली ती चढ्या व्होल्टेजने, मीटरच्या नोंदीत दोनशे एकाहत्तर. जास्त व्होल्टेज आलं की स्टॅबिलायझर पुढचा पुरवठा तोडतो आणि पिवळा दिवा लावतो; हाताने बंद केला तर लाल लागतो. जुना स्टॅबिलायझर थोड्या वेळाने स्वतःहून पुन्हा जोडत असे, एक नंबरखाली अजून तोच होता. दोन नंबरखालचा मार्चमध्ये बदललेला. चौकातल्या कारागिराने त्याला चढं व्होल्टेज देऊन पाहिलं, चार वेळा. चारही वेळा तो तुटला आणि कोणी बटण दाबेपर्यंत तुटलेलाच राहिला.

"म्हणजे कोणीच बंद केला नव्हता," मी म्हणाले.

"नव्हता. तो नवा नमुना मी पास केला. जुना बाजारात मिळत नव्हता. आपोआप जोडतो का, हे मी विचारलं नाही." त्यांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा माझा."

उजव्या फांदीखाली 'आणि' होतं. कोणालाच न कळण्यासाठी तीन गोष्टी एकदम चुकाव्या लागल्या होत्या. पहिली, भोंगा ऐकू आला नाही. तो खोलीच्या आत काही तास वाजून थांबला, दार बंद, माणूस जनरेटरपाशी. दुसरी, फेरीत तापमान दिसलं नाही. इथे खाली आणखी एक चौकोन होता: 'ऑपरेटरकडून किल्ली काढून घेतली.'

एप्रिलमध्ये तार गेल्यावर मीच पत्र लिहिलं होतं, कंत्राटी माणसांकडे किल्ली नको. तेव्हापासून जयसिंग दाराच्या काचेतून बघत होता. काचेतून एक नंबरचा पडदा दिसतो, दोन नंबरचा खांबाआड जातो. किल्ली काढली, पण नोंदीचा नियम तसाच राहिला. तो एक नंबरचा आकडा दोन्हीकडे लिहीत होता.

"त्याने सांगायचं ना," मी म्हणाले.

"कोणाला? ज्यांनी चोर म्हटलं त्यांना? पण खोटं लिहिलं ते लिहिलंच. मी त्याला तेही सुनावलंय."

तिसरा चौकोन: 'यंत्राने फोन केला. उचलला नाही.' तापमान चढलं की एक यंत्र ठरलेल्या नंबरांवर फोन लावतं. शनिवारी दुपारी त्याने पहिल्या नंबरावर तीनदा लावला होता, तीन दहा, तीन वीस, तीन तीस. दुसरा नंबर बदली झालेल्या अधिकाऱ्याचा होता, तो बंद.

"पहिला कोणाचा?"

"शेवटचे आकडे चारशे सतरा," ते म्हणाले, आणि बेबीताईंनी आणलेला चहा माझ्यापुढे सरकवला.

चारशे सतरा माझा. त्या शनिवारी दुपारी मी हज़रतगंजला चष्म्याच्या दुकानात होते. लखनऊचा अनोळखी नंबर. दोनदा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चिडून ब्लॉक केला. जाहिरातवाले म्हणून. दोन वर्षांपूर्वी फोन बदलला तेव्हा तो नंबर नावाने साठवायचा राहून गेला होता.

मी चहा प्यायले, उशीर झाला म्हणाले आणि उठले. खाली जिन्यात थांबून ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी उघडली. तो तिथे होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, यादीतून हा काढून टाकता येईल.

काढला नाही. पण दोन दिवस कोणाला सांगितलंही नाही. त्या दोन दिवसांत मला कळलं, की माणूस आपल्या संस्थेच्या व्हरांड्यातून चालताना प्रत्येक चेहऱ्यावर 'याला माहीत आहे' असं कसं वाचतो. शुक्रवारी परतलेल्या संचालकांना मी फोन दाखवला, किल्लीचं पत्रही पुढे ठेवलं. मग रावसाहेबांच्या खोलीत गेले.

"सांगून आले," मी म्हणाले. "तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं, तो नंबर माझा."

"आठवड्याभरापासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी टेस्टर खिशातून काढला, पुन्हा ठेवला. "खरं सांगू? माझा तुमच्यावर संशय होता, मॅडम. मला वाटलं, यांना फोनचं माहीत आहे, म्हणूनच फोटो पाठवून मला बाजूला केलं. म्हणून तो आकडा मी मुद्दाम बोललो, तुमचा चेहरा बघायला." त्यांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "तुम्हाला माहीत नव्हतं, हे तेव्हा दिसलं. मी आयुष्यभर हेच करायचं नाही म्हणत आलो, आणि घरी आलेल्या माणसाला तेच केलं."

बाहेर कोणीतरी पाण्याच्या मोटारीवरून भांडत होतं.

समितीपुढे त्यांनी कागद भिंतीला लावून सगळं समजावलं. विश्वजितजींनी विचारलं, "लेकिन इंगळे साहब, ज़िम्मेदार कौन?" रावसाहेब म्हणाले, पाच चौकोन आहेत, यातला एकही नसता तर नमुने वाचले असते, तुम्ही सांगा कुठला निवडायचा. विश्वजितजींनी वही मिटली. जयसिंगनेच काहीतरी केलं असणार, असं ते आजही खासगीत म्हणतात.

स्टॅबिलायझरबद्दल रावसाहेबांना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी सही करून घेतली. मला तोंडी समज मिळाली. हा फरक का, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं महिन्याने, आणि तोवर फाइल बंद झाली होती. जयसिंगला सात आठवड्यांनी परत घेतलं. त्याच्याकडे किल्ली आली, नियम बदलले, दर महिन्याच्या एक तारखेला यंत्राचे फोन लावून बघायचं ठरलं. नळ्यांपैकी सहाशेंच्या जोडनळ्या, म्हणजे त्याच सीरमच्या दुसऱ्या नळ्या, दुसऱ्या शहरात होत्या, त्यांच्यावर मी काम पुन्हा सुरू केलं. बाकीचं गेलं.

जयसिंग मात्र टिकला नाही. लोक त्याच्यासमोर ड्रॉवरला कुलूप लावत. दिवाळीनंतर त्याने काम सोडलं आणि आता तो गोमती नगरमध्ये ई-रिक्षा चालवतो. मी त्याला शोधून भेटले, माफी मागितली. "कोई बात नहीं, मैडम," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. सवारी आली तसा निघून गेला.

रावसाहेब पुढच्या वर्षी निवृत्त होतील. प्रफुल्ल म्हणतो, यहीं रहेंगे. बेबीताईंना खामगावला जायचंय. परवा त्यांच्याकडे जेवायला होते, तर दोघांचा त्यावरच वाद चालला होता, आणि रावसाहेब मधे न पडता ताटातली भाकरी मोडत होते.